गॅमा प्रोब दुसऱ्यांदा गेली: पोराने पाडली की उन्हाने मारली?

पांदणवाला | १६ मे, रात्री १०:५२

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे. आज अडलोय म्हणून पहिला धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी वणी, मारेगाव, झरी या पट्ट्यात बोअरचं लॉगिंग करतो. बोअर मारून झाला की केबलला बांधून एक स्टीलची नळी, म्हणजे प्रोब, खाली सोडायची आणि कोणता थर किती खोलीवर आहे ते मोजायचं, एवढंच काम. नळीत सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो आणि त्याच्या पाठीला फोटोमल्टिप्लायर ट्यूब. खडकात मुळातच असलेल्या पोटॅशियम, थोरियम, युरेनियमचे गॅमा किरण स्फटिकावर पडले की बारीक चमक होते, ट्यूब ती मोजते. काळ्या बेसाल्टात आकडा लहान येतो, शेल (चिकणमातीचा खडक) लागला की चढतो, कोळसा लागला की धपकन बसतो. आमच्या भाकरीचं गणित त्या चढउतारावर आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक प्रोब गेली. यंदा ८ मे रोजी दुसरी गेली. दोन्ही वेळा तेच: आकडे अचानक उतरले, आणि पुरवठादाराकडे उघडल्यावर स्फटिक तडकलेला निघाला. त्यांचं उत्तरही दोन्ही वेळा तेच, "मेकॅनिकल शॉक, वॉरंटीत बसत नाही."

आता खरी अडचण. आमच्या हेल्परच्या हातून ५ मे रोजी प्रोब पडली होती. तिपाईवरून सुटली, दोनेक फुटांवरून मुरमावर आदळली. त्याने लपवलं नाही, स्वतः येऊन सांगितलं. मालकाने ते धरून ठेवलं आणि आता दर महिन्याला त्याच्या पगारातून दोन हजार कापायचं ठरवलंय. पोरगा बावीस वर्षांचा, घरी कोरडवाहू अडीच एकर. मला ते बघवत नाही, पण बोलायला माझ्याकडे मुद्दा नाही.

सध्याची व्यवस्था: लोखंडी पेटी, आत जुन्या गादीचा स्पंज, पेटी गाडीच्या मागच्या भागात. रस्ते म्हणजे निम्मे पांदण रस्ते. पेटी कशी करावी, अजून काय सांभाळावं, जाणकारांनी सांगावं.

---

सरकी_ढेप | १६ मे, रात्री ११:१५

पहिला नंबर.

अहो, कापसाच्या देशात राहून फोम कसला शोधता? आमच्या जिनिंगवरून दोन किलो रुई न्या, पेटीत गच्च भरा, काम तमाम. अंडी ठेवा नाहीतर प्रोब.

---

ऱ्हाइनकाठी | १६ मे, रात्री ११:५८

सोडियम आयोडाइड मुळात शेतात न्यायची वस्तू नव्हे. ठिसूळ, ठराविक पातळ्यांवर फाटणारा, हवेतलं पाणी पिणारा. सीझियम आयोडाइडची प्रोब घ्या. तो स्फटिक तडकण्याआधी थोडा वाकतो आणि दमटपणाचाही त्याला तेवढा त्रास नाही. किंवा बीजीओ (बिस्मथ जर्मेनेटचा स्फटिक) घ्या, त्याला पाण्याचं भयच नाही. आणि काचेच्या ट्यूबऐवजी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर आले की फुटायला काच उरत नाही, हजार व्होल्टही लागत नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेत नवीन खरेदी बहुतेक अशीच होते.

---

खाणीतला_कावळा | १७ मे, सकाळी ६:४०

ऱ्हाइनकाठीभाऊ, आमच्या इकडे मालक लोक नवीन टायर घ्याले तयार होत नाई, थे नवीन प्रोब कुठून घेईन? जे हाय थे जगवा लागते.

पांदणवाले भाऊ, मी चवदा वर्स कोळशाच्या एक्स्प्लोरेशनमंदी लॉगिंग केलं. तुमची पेटीच चुकून रायली. गादीचा स्पंज दोन महिन्यांत बसते, मंग नळा सरळ पत्र्यावर टेकते. वरून पाह्यलं तर स्पंज दिसते, खाली काईच नाई. दुसरं, गाडीच्या मांगच्या भागात, चाकाच्या वर, जेवढा झटका बसते तेवढा कुठंच नाई बसत. आमी नळा मदल्या शीटवर आडवा ठेवत होतो, माणूस मांग बसे. नव्या पोरांले राग ये, पन नळ्याची किंमत मोठी, त्याइची कंबर सस्ती. (ह. घ्या.)

अन् रुईवाल्या भाऊले सांगा का रुई दबते. पांदणीत दहा किलोमीटर गेलं का खाली गोळा होते अन् वर नळा मोकळा खडखड करते.

एक गोष्ट इचारतो. ५ तारखेले नळा पडला, ८ तारखेले मेला. मदातल्या दोन दिवसांत लॉग मारले का नाई? रिपीट सेक्शन, म्हंजे तोच तुकडा दुसऱ्यांदा मोजणं, घेतलं होतं का? वही पाहा अन् सांगा. बाकीचं मंग बोलू.

---

निंबोळी | १७ मे, सकाळी ७:३०

कावळादादांच्या प्रश्नाला +१. वाचतेय.

रुईबद्दल अजून एक. कापूस स्वतः हवेतलं पाणी धरतो, आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात ओली रुई हाय व्होल्टेजच्या कनेक्टरला चिकटून ठेवणं म्हणजे आजार उशाशी घेऊन झोपणं.

---

सरकी_ढेप | १७ मे, सकाळी ७:४४

बरं बाप्पा, रुई वापस घेतो. भावही नाही अन् मानही नाही.

---

गुरुजी_वरोरा | १७ मे, सकाळी ९:०५

कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो, लॉगिंग कधी केलेलं नाही. तरी पडण्याचं गणित सांगतो, कारण इथे सगळे "फोम लावा" म्हणतात आणि किती लावायचा ते कुणी सांगत नाही.

वस्तू पडते तेव्हा तिला इजा उंचीने होत नाही, किती अंतरात थांबली त्याने होते. ढोबळ हिशेब सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, म्हणजे सरासरी तेवढ्या पट गुरुत्वाचा झटका. तुमची प्रोब ६० सेंटिमीटरवरून पडली. स्टील आणि कडक मुरूम, थांबली असेल २ मिलिमीटरमध्ये. म्हणजे ३०० पट. तीच प्रोब ३ सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर पडली असती तर २० पट.

आता मेख अशी की ३ सेंटिमीटर दबायला फोम ३ सेंटिमीटर जाड असून चालत नाही. निम्मा दबला की तो कडक व्हायला लागतो, म्हणजे जाडी ६ ते ७ हवी. आणि फोम वजनाला जुळणारा हवा. फार मऊ असला तर तळाला टेकतो (गादीचा स्पंज), फार कडक असला तर दबतच नाही. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल हलक्या प्रोबखाली ठेवलात तर तो लाकडी फळीसारखाच वागेल, शिवाय एकदा चेपला की पुन्हा उठत नाही. पांढरा पॉलिइथिलीन फोम, ज्याच्या जाड शीट मिळतात, तो घ्या आणि प्रोबच्या मापाची खाच कोरून दोन अर्ध्या भागांत तिला झोपवा. परीक्षा अशी: पेटीत ठेवलेल्या प्रोबवर हाताने जोर दिला तर ती थोडी आत जायला हवी आणि हात काढताच वर यायला हवी.

अवांतर: हा स्फटिक शोधला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी, १९४८ साली, थॅलियमचा कणभर अंश मिसळून. पुढे १९६१ चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र वेगळ्याच कामासाठी. पंचाहत्तरी उलटून गेली तरी हा स्फटिक विहिरीत उतरतोच आहे, म्हणून ऱ्हाइनकाठींनी इतकं नाक मुरडू नये.

---

पांदणवाला | १७ मे, रात्री ९:२०

कावळादादा, वही पाहिली. आणि पाहून सुन्न झालो.

५ मे, संध्याकाळी प्रोब पडली.
६ मे, सकाळी ७ वाजता बोअर लॉग केला. रिपीट सेक्शन घेतलं होतं, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या आहेत.
७ मे, सकाळी आणखी एक बोअर. तोही ठीक.
८ मे, रिगवाल्यांना उशीर झाला. आम्ही अकरापासून थांबलो होतो. लॉगिंग सुरू केलं दुपारी अडीचला. पाण्यात उतरल्यावर थोड्या वेळाने आकडे घसरायला लागले आणि पुन्हा चढलेच नाहीत. आधीच्या बोअरमध्ये शेलला जेवढे यायचे त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश.

म्हणून गेल्या वर्षीची वही काढली. २३ एप्रिल, दुपारी तीन. जेवणानंतरचा पहिला लॉग. तेव्हा कुणाच्याही हातून काही पडलं नव्हतं. मालकाने तेव्हा ड्रायव्हरला धरलं होतं.

दोन्ही दिवशी प्रोब कुठे होती? ताडपत्रीवर. तिपाईशेजारी. उन्हात. "तयार ठेवायची" म्हणून मीच पेटीतून काढून ठेवायला सांगितली होती.

---

खाणीतला_कावळा | १७ मे, रात्री ९:३१

झालं. पोरगा सुटला.

---

गुरुजी_वरोरा | १७ मे, रात्री १०:४८

पांदणवाले, तुमच्या लहानपणी घरी कंदील असेलच. पेटलेल्या कंदिलाच्या तापल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की काय व्हायचं? आवाज यायचा, चटक. तुमच्या प्रोबचं तेच झालंय असं मला वाटतं.

मे महिन्यात चंद्रपूर-वणीकडे सावलीत ४५-४६ अंश ही काही बातमी नाही. काळ्या ताडपत्रीवर उन्हात पडलेलं स्टील त्याच्या कितीतरी वर जातं, हात टेकवत नाही. भूजलाचं तापमान मात्र बारा महिने जवळजवळ एकच, म्हणजे गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास. आपल्याकडे सत्तावीस-अठ्ठावीस धरा. म्हणजे तुम्ही साठीतली वस्तू पाच मिनिटांत तिशीच्या आत नेली. पाणी स्टीलची उष्णता हवेपेक्षा फार झपाट्याने ओढून घेतं. स्फटिकाची बाहेरची कड थंड होऊन आक्रसते, गाभा अजून तापलेलाच, आणि मधल्या मधे ताण.

त्यात सोडियम आयोडाइड हा उष्णतेने जास्त फुगणारा पदार्थ. दर अंशाला दहा लाखात ४७ भाग. त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम २३ भाग, आणि समोरच्या खिडकीची काच त्याहून बरीच कमी. तिघे एकमेकांना बांधलेले, आणि तिघांची आक्रसायची चाल वेगळी. म्हणूनच अशा स्फटिकांसाठी तापमानातला बदल तासाला आठ-दहा अंशांच्या आत ठेवावा असा दंडक आहे. तुम्ही पाच मिनिटांत तीस अंश केलेत.

तडा गेला की प्रकाश त्या भेगेवर अडतो, ट्यूबपर्यंत कमी पोचतो. बारीक चमका मोजणीच्या उंबरठ्याखाली राहतात आणि आकडा उतरतो. कायमचा. तुमच्या वहीशी हे जुळतं.

---

ऱ्हाइनकाठी | १७ मे, रात्री ११:३६

गुरुजी, नाक मुरडल्याबद्दल क्षमस्व. विश्लेषण पटलं.

तरी एक वकिली शंका. तडा पाहून तो आदळून गेला की तापून हे छातीठोक सांगता येत नाही, कारण हा स्फटिक दोन्ही वेळा त्याच पातळ्यांवर फाटतो. आणि ५ तारखेच्या आदळण्याने आत केसाएवढी चीर पडून ८ तारखेच्या उन्हाने ती पूर्ण केली, असंही मालक म्हणू शकतो. पुरवठादाराला एकच विचारा: फोटोमल्टिप्लायर ट्यूब शाबूत आहे का? ती काचेची निर्वात नळी, आत बारीक धातूच्या पट्ट्या. स्फटिक तडकवण्याइतका धक्का बसला असेल तर तिनेही काहीतरी सोसलेलं असायची शक्यता बरीच. ट्यूब ठणठणीत आणि एकटा स्फटिक गेलेला, तर पारडं उन्हाकडे झुकतं. सिद्ध होत नाही, झुकतं.

आणि मी सुचवलेल्या नव्या वस्तूंची दुसरी बाजूही सांगायला हवी होती. बीजीओचा उजेड सोडियम आयोडाइडच्या पाव हिश्श्याहूनही कमी, आणि उन्हाने तो आणखी मंदावतो. सिलिकॉन सेन्सरचा आतला गोंगाट साधारण दर दहा अंशांना दुप्पट होतो. तुमच्या ४६ अंशांत त्यांचंही सोपं नाही.

---

मारेगावचा_मी | १८ मे, सकाळी ८:१०

मधेच विचारतो, रागावू नका. आमच्या गावातल्या बोअरमध्ये असंच यंत्र सोडलं होतं. लोक म्हणतात रेडिएशनचं यंत्र होतं, पाणी पिऊ नका. खरं आहे का?

---

पांदणवाला | १८ मे, सकाळी ८:४५

मारेगावकर, अजिबात रागावत नाही, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात येतो. मी सोडतो ती प्रोब फक्त ऐकणारी आहे, बोलणारी नाही. तिच्यात किरणोत्सर्गी काहीही नसतं. खडकातून जे येतं तेच ती मोजते. ती पाण्यात तुटली तरी पाण्यात जाईल तो थोडा क्षार. पाणी बिनघोर प्या, क्लोरीन मात्र टाकत जा.

---

खाणीतला_कावळा | १८ मे, सकाळी ९:०२

यात एक फरक सांगून ठेवतो. घनता मोजायची प्रोब असते, तिच्यात सीझियम-१३७ चा स्रोत असते. त्याले एईआरबी, म्हणजे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, शिकलेला माणूस लागते, शिशाचा डबा लागते, कुलूप लागते. थो नळा बोअरमंदी अडकला तर अधिकाऱ्याइची झोप जाते. गावात जो नळा आला थो कोणता, हे इचाराचा गावाले हक्क हाय. इचारा बिनधास्त.

---

निंबोळी | १८ मे, दुपारी १:२०

मी बोअरवाली नाही. विद्यापीठाच्या एका प्रकल्पात हातात धरायचे मीटर घेऊन अमरावती-अकोल्याकडची माती मोजत फिरते. पडण्याबद्दल आणि उन्हाबद्दल बोलून झालं. माझी दुखणी दमट हवा आणि खारं पाणी ही आहेत.

जुलैमध्ये दर्यापूरला एसी लॉजवर राहिलो होतो. खोली २२ अंशांवर. सकाळी मीटर पिशवीतून काढून बाहेर आणला. बाहेर २८ अंश आणि पावसाळी हवा. पाच मिनिटांत मीटरला घाम. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा. त्या हवेचं दवबिंदू तापमान पंचविशीच्या आसपास असतं, म्हणजे २२ अंशांची कुठलीही वस्तू ओली होणारच. वरचं पुसता येतं, कनेक्टरच्या आतलं नाही. हजारेक व्होल्टला तेवढी ओल पुरते: व्होल्टेज गळतं आणि मीटर आपल्याच मनाने टकटक करायला लागतो. आमच्या नव्या मुलीला वाटलं युरेनियम सापडलं.

तेव्हापासून नियम केला: थंड खोलीतून उपकरण बंद पेटीसकट बाहेर आणायचं, पेटी तासभर उघडायची नाही. झाकण लागलेलं असलं की ओल पेटीच्या अंगावर बसते, आतल्या वस्तूवर नाही. सोपा उपाय म्हणजे उपकरण एसीत ठेवायचंच नाही. माणसं एसीत झोपली तर झोपली.

पेटीत सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. निळं असतं ते ओल पिऊन गुलाबी होतं, नारिंगी असतं ते हिरवट. फेकू नका, ११०-१२० अंशांना दोनेक तास भाजलं की पुन्हा कामाला येतं. फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका. निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो.

स्फटिक पिवळा पडलेला दिसला तर समजा सील गेलं आणि ओल आत शिरली. त्याला इलाज नाही, भाजूनही नाही.

आता खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरचं पाणी इतकं खारट की स्टेनलेस स्टीलवरही बारीक खड्डे पडतात. तिकडे लॉगिंग करत असाल तर प्रोब वर आली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पिण्याच्या कॅनमधलं पाणी वापरावं लागलं तरी. ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) दर वेळी बोटाने चाचपा: चीर, चपटेपणा, वाळूचा कण. सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ, बोटभर थापायचं नाही, धूळ चिकटते. आणि डिझेल-रॉकेलच्या फडक्याने पुसायची जी सवय असते ती सोडा. ओ-रिंग ईपीडीएम रबराची निघाली तर तेलाने फुगते.

ज्यांच्याकडे गायगर मीटर आहे त्यांच्यासाठी: पुढची गोल खिडकी अभ्रकाची असते, पाच ते सात मायक्रॉन जाडीची. बोट लावलं की गेली. कापलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचं टोक लागून आमची एक गेलीय. जाळीची टोपी बीटा मोजण्यापुरतीच काढा.

---

पांदणवाला | १८ मे, रात्री १०:१५

निंबोळीताई, हे छापून गाडीत चिकटवणार आहे.

आता प्रश्न असा की प्रोब थंड ठेवायची कशी? शेतात सावली म्हणजे एखादं बाभळीचं झाड, तेही रिगवाल्यांनी आधीच धरलेलं असतं.

---

गुरुजी_वरोरा | १९ मे, सकाळी ७:१५

जो फोम धक्का अडवतो तोच उष्णताही अडवतो. म्हणून वेगळी तयारी नको, नीट केलेली पेटी दोन्ही कामं करते. पहाटे घरातून निघताना प्रोब तिशीच्या आसपास असेल. ६-७ सेंटिमीटर फोमच्या पेटीत ती दुपारपर्यंत फार चढणार नाही. अट एकच: पेटी उघडायची नाही. पेटीला बाहेरून पांढरा रंग द्या.

त्यावर ओलं गोणपाट टाका. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी उडता उडता पंचविशीपर्यंत गारवा देतं. माठ आणि कूलर याच विद्येवर चालतात. पेटी पाणी न झिरपणारी हवी, आणि गोणपाटाला वारा लागायला हवा. जुलैत हा उपाय करू नका, उपयोग शून्य.

---

खाणीतला_कावळा | १९ मे, सकाळी ७:५०

गुरुजींचं बरोबर. आमी अजून एक करत होतो. नळा केसिंगमंदी, म्हंजे बोअरच्या पायपात, सोडला का पाण्याच्या वर, कोरड्या हवेत, अर्धा तास लटकवून ठेवा. खालची हवा थंडी रायते, पन हवा हळूहळू थंड करते, पाण्यासारखी हबकून नाई. मंग पाण्यात घाला. क्लायंटचा माणूस घड्याळ पाह्यते, त्याले पाहू द्या. तोवर चहा.

हिवाळ्यातही हेच. डिसेंबरात पहाटे ८-१० अंशांत नळा बाहेर रायला असन तर अठ्ठावीसच्या पाण्यात टाकू नका. उलटी चटकही चटकच हाय.

अन् प्रोबमंदी ट्यूबभोवती एक पातळ पत्र्याची नळी असते, म्यू-मेटलची. थे पृथ्वीचं चुंबकत्व अडवते. आदळली, वाकली का तिचा गुण कमी होते, मंग नळा फिरवला का आकडा बदलते. म्हून पडलेला नळा नुसता चालते म्हून सोडून देऊ नका. आडवा ठेवून गोल फिरवून पाहा.

---

ऱ्हाइनकाठी | १९ मे, दुपारी ३:०५

एक राहिलंय: रोजची तपासणी. प्रोब कधी बिघडली याची तारीख वेळ तुमच्याकडे नसती तर हा पोरगा सुटला नसता. तपासायला ठरलेला स्रोत लागतो आणि त्याला परवानगीचे सोपस्कार. आमच्याकडे...

---

सरकी_ढेप | १९ मे, दुपारी ३:२२

पोटॅशची गोणी चालन का? दहावीच्या पोरीच्या पुस्तकात वाचलं का पोटॅशियम किरणोत्सर्गी असते. आमच्या गोदामात पडून हाय.

---

गुरुजी_वरोरा | १९ मे, दुपारी ४:१०

सरकी_ढेप, उभे राहा, तुमचा सत्कार आहे.

चालेल म्हणजे काय, उत्तम चालेल. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत २५ किलोच्या आसपास पोटॅशियम. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. म्हणजे गोणीत सेकंदाला साडेसात लाखांवर. घाबरू नका, पोटॅशियम आपल्या रक्तातही आहे, आणि ही गोणी तुम्ही आयुष्यभर खांद्यावर वाहिली आहे. त्यातल्या शंभरातल्या दहा-अकरा अणूंपासून १४६१ केईव्हीचा गॅमा किरण निघतो.

प्रोब गोणीवर रोज त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा. १०० सेकंदांची तीन मापं घ्या आणि वहीत लिहा. एका मापात १०,००० आकडा आला तर नैसर्गिक चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० इकडेतिकडे, एक टक्का. दोन-तीन टक्क्यांनी हललं तर काळजी नको. दहा टक्क्यांनी उतरलं तर त्या दिवशी काम थांबवा.

---

पांदणवाला | ३१ मे, रात्री ९:४०

धागा वर काढतोय.

पुरवठादाराने फोटो पाठवले. ट्यूब शाबूत, चाचणीत पास. स्फटिकात कडेपासून आत जाणाऱ्या भेगा. दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी ठेवले तर बहीणभाऊ वाटतात. वह्या, फोटो आणि या धाग्याची प्रत घेऊन मालकाकडे गेलो. अर्धा तास बोललो. ताडपत्रीवर ठेवायला मी सांगितलं होतं, तेही सांगितलं. मालक काही बोलले नाहीत, पण पगारकपात थांबली आणि मे महिन्याचे दोन हजार पोराला परत मिळाले. माझ्याकडून काही कापलेलं नाही, अजून तरी.

पेटी वणीच्याच सुताराकडून करून घेतली. बाहेर प्लायवूड, पांढरा रंग, झाकणाला दाराचं रबर, आत ७ सेंटिमीटर पॉलिइथिलीन फोम. पहिल्यांदा खाच ढिली झाली, प्रोब हलत होती. सुताराने शिवी देऊन दुसरी कोरली. पेटी मधल्या सीटवर, पट्ट्याने बांधलेली. पांदणीतून जाताना आत मोबाइल ठेवून झटके मोजले. जुन्या लोखंडी पेटीपेक्षा निम्म्याहून कमी.

आणि एक मोजमाप केलं जे आधीच करायला हवं होतं. दुपारी दोन वाजता जुन्या प्रोबची रिकामी नळी त्याच ताडपत्रीवर ठेवली. तासाभरात ६१ अंश. पेटीतली नवी प्रोब, ओल्या गोणपाटाखाली, ३३.

पोटॅशची गोणी ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवली आहे. रोजची तीन मापं आता हेल्परच घेतो, वहीत त्याची सही. काल त्याने विचारलं, "भाऊ, पोटॅश जुनं झालं तं आकडा कमी व्हईन का?" मला उत्तर देता आलं नाही. गुरुजी?

---

गुरुजी_वरोरा | ३१ मे, रात्री १०:०५

त्याला सांगा, होईल. अर्धा व्हायला सव्वाशे कोटी वर्षं लागतील.

गोणीला मात्र पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, पोटॅशचा दगड होतो आणि प्रोब टेकवायची जागा बदलते. खाली लाकडी पाट टाका.

---

सरकी_ढेप | ३१ मे, रात्री १०:१२

दगड झालाच तर माझ्याकडे वापस पाठवा. फोडून पऱ्हाटीले घालतो.